निळ्या द्रावणाची साक्ष



हिंगोली-वसमत हा हळदीचा मुलूख. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. लघवीतील साखर ओळखणारे निळे द्रावणही असेच रंग पालटून वार्ता देते.

लघवीला मुंग्या लागतात, यावरून जुन्या वैद्यांनी मधुमेह ओळखला. पुढे जर्मनीत फेलिंगने आणि १९०८-०९ मध्ये अमेरिकेत बेनेडिक्टने तांब्याची परीक्षा सिद्ध केली. बेनेडिक्टच्या द्रावणात असते काय? शेतकऱ्याच्या ओळखीचे मोरचूद, धुण्याचा सोडा आणि तांबे विरघळलेले ठेवणारे सोडियम सायट्रेट. ५ मिलिलिटर द्रावणात लघवीचे ८ थेंब टाकून दोन मिनिटे उकळावे. साखर असेल तर ती तांब्याचे क्षपण करते, आणि जसे प्रमाण वाढेल तसा निळा रंग हिरवा, पिवळा, नारिंगी, शेवटी विटकरी होतो.

साक्षीदार स्वस्त आहे, प्रामाणिकही आहे. पण त्याला विचारावे तेवढेच तो सांगतो. उसाच्या साखरेपुढे तो मुका राहतो. उलट बाळंतिणीच्या लघवीत उतरलेली दुधातील साखर किंवा फार झालेले क जीवनसत्त्व यांनीही रंग पालटतो. म्हणजे हिरवी नळी हा मधुमेहाचा निवाडा नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक घातक. १०० मिलिलिटर रक्तात साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. मधुमेह मात्र उपाशीपोटी १२६ पासूनच मानला जातो. या दोहोंमध्ये सापडलेल्या माणसाची नळी निळीच राहते. आजची कागदी पट्टी केवळ ग्लुकोजच ओळखते खरी, पण मूत्रपिंडाचा हा उंबरठा तिलाही ओलांडता येत नाही.

मोंढ्यात पोती वाहणाऱ्या हमालाला 'तुला काही नाही' म्हणून परत धाडले, आणि त्याच्या पायाची जखम चिघळत राहिली, तर दोष द्रावणाचा नव्हे, त्यावर विसंबणाऱ्याचा. तसेच नळीचा रंग पाहून कोणाला कामावरून दूर करणे, हाही अन्यायच. म्हणून कामगार संघटनांत वावरणाऱ्या आम्हा मंडळींचे मागणे साधे आहे: रक्ताची तपासणी झाल्यावाचून कोणाची रोजी जाऊ नये, आणि कोणाचा आजारही नाकारला जाऊ नये. सरकारी आरोग्यकेंद्रात तिशी ओलांडलेल्यांची ही तपासणी होते. एक दिवसाची मजुरी बुडेल या भीतीने ती टाळू नका. आणि ती मजुरी बुडू नये, हे पाहणे आम्हा संघटनांचे काम आहे.