कुंपणाबाहेरची मुलगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



टेनिस हा बंगलेवाल्यांचा खेळ, अशी आपल्यापैकी पुष्कळजणींची समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी आहे असेही नाही. म्हणूनच आज मी इव्हॉन गुलागाँग हिची हकिकत सांगणार आहे.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांतात बॅरेलन नावाचे गव्हाच्या शेतीचे लहानसे गाव आहे. इव्हॉनचा जन्म १९५१ सालचा. वडील मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या कामावर गावोगाव हिंडत. घरात आठ भावंडे. हे कुटुंब तेथील मूळच्या विराजुरी लोकांपैकी, आणि बॅरेलनमध्ये त्यांच्या समाजाचे तेवढे एकच घर होते.

त्या काळी सरकारी माणसे आदिवासींची मुले आईबापांपासून काढून नेत आणि संस्थांत किंवा परक्या घरी ठेवीत. हे १९७० च्या सुमारापर्यंत चालू होते. एखादी चकचकीत मोटार गावात आली की आई मुलांना लपायला सांगे. आपल्याकडे बागुलबुवाची भीती दाखवतात, पण तिथला बागुलबुवा खरोखरच मोटारीतून येत असे!

गावात टेनिसचे मैदान होते. ही पोर कुंपणाबाहेर उभी राहून खेळ पाहत असे. बिल कर्ट्झमन या शेजारच्या गृहस्थांनी तिला पाहिले आणि आत येऊन खेळ म्हणून सांगितले. विंबल्डनचे नाव तिला कळले ते मुलींच्या एका मासिकातील गोष्टीतून. ते ठिकाण खरोखरीचे आहे हे पुढे समजल्यावर तिने तेच मनात धरले. स्पर्धेला जायचे तर पोशाख हवा, म्हणून आईने जुन्या चादरींतून तिचा टेनिसचा झगा शिवला. शिवणवर्गातील भगिनींना त्यातली खटपट निराळी सांगायला नको.

पुढे सिडनीचे शिक्षक व्हिक एडवर्ड्स यांनी मुलीला आपल्या घरी ठेवून शाळा आणि टेनिस दोन्ही शिकवण्याची तयारी दाखविली. गावाने तिच्या कपड्यांसाठी आणि प्रवासासाठी वर्गणी काढली. सर्वांनी तिच्या नशिबाचे कौतुक केले असेल. मला मात्र आईचा विचार सोडवत नाही. मुले कोणी नेऊ नयेत म्हणून जिने त्यांना लपवले, तिनेच ही मुलगी आपण होऊन शेकडो मैलांवर परक्या कुटुंबात पाठवायची! चांगल्यासाठी म्हटले तरी ते सोपे नव्हते.

एडवर्ड्स म्हणत, ही १९७४ पर्यंत विंबल्डन जिंकील. तिने ते १९७१ सालीच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जिंकले. अंतिम सामन्यात समोर तिच्याच देशाची मार्गारेट कोर्ट होती, जिला ती लहानपणापासून आदर्श मानीत आली होती. निकाल ६-४, ६-१.

यानंतर लग्न झाले, १९७७ मध्ये मुलगी झाली. आता हिचा खेळ संपला, असे लोक म्हणू लागतात. ते आपल्याला नवीन नाही. १९८० साली क्रिस एव्हर्टला हरवून तिने विंबल्डन पुन्हा जिंकले. एका आईने ते जिंकण्याचा प्रसंग १९१४ नंतर प्रथमच आला होता.

पुढे तिने आपल्या समाजातील मुलामुलींना टेनिस आणि शिक्षण मिळावे म्हणून संस्था काढली. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील मूळच्या लोकांपैकीच अ‍ॅश्ले बार्टी हिने विंबल्डन जिंकले. तिच्या अंगात जो पोशाख होता, तो इव्हॉनच्या १९७१ च्या झग्याच्या नमुन्यावरून, तशीच नागमोडी किनार ठेवून मुद्दाम शिवून घेतलेला होता.