सेल्फ लागत नाही? आधी आवाज ऐका

सकाळची घाई,
आणि मोटरसायकलचा सेल्फ लागत नाही.
लगेच काही उघडू नका.
आधी आवाज ऐका.

बटण दाबल्यावर भराभर टकटक होते?
हेडलाइटही मंदावतो?
मग बहुतेक बॅटरी उतरली आहे.
किंवा टर्मिनल सैल आहेत, त्यांवर पांढरे क्षार साचले आहेत.
किल्ली काढा.
टर्मिनल स्वच्छ करा, घट्ट आवळा.
नवी बॅटरी घेण्याआधी एवढं कराच.
पुष्कळदा खर्च वाचतो.

एकदाच ‘टक्’ वाजतं,
आणि बॅटरी चांगली आहे?
मग रिले किंवा स्टार्टर मोटर मेकॅनिकला दाखवा.

मोटर फिरते, पण इंजिन फिरत नाही?
तिथे वन-वे क्लच तपासावा लागतो.

आणि काहीच आवाज नाही?
लाल किल स्विच पाहा.
जाता-येता कुणाचा तरी हात लागलेला असतो!
गाडी न्यूट्रलमध्ये घ्या.
साइड स्टँड वर करा, क्लच दाबा.
तरीही शांतता असेल, तर फ्यूज पाहा.

पुन्हा सांगते, आधी आवाज ऐका.
आणि बटण दाबून धरू नका.
5 सेकंदांत सोडा, थोडं थांबा.
नाहीतर मोटर तापते,
आणि उरलीसुरली बॅटरीही उतरते.