मुलांचा मधल्या वेळचा खाऊ : आपल्याच खळ्यावरून



खत, पाणी, औषध यांविषयी आपण या कार्यक्रमात नेहमीच बोलतो. आज मुलांच्या मधल्या वेळच्या खाण्याविषयी बोलायचं आहे. हा बायकांचा विषय म्हणून कारभाऱ्यांनी पत्रक बाजूला ठेवू नये. पोरांच्या खाऊची निम्मी सोय चुलीपाशी होते आणि निम्मी खळ्यावर होते. खळ्यावर काय बिघडतं, तेच आज मुख्यतः सांगायचं आहे.

शाळा सुटली की पोर दप्तर टाकतं आणि खायला शोधतं. आई रानात असते. कोनाड्यात दहा रुपये ठेवलेले असतात. पोर दुकानातून रंगीत पुडकं आणतं आणि रात्री ताटावरून अर्धपोटी उठतं. त्या पुडक्यावर वजन छापलेलं असतं, कायद्यानंच ते छापावं लागतं. एकदा वाचून हिशेब करा. दहा रुपयांत वीस ग्रॅम माल असेल, तर किलोला पाचशे रुपये पडले. आपण मका, हरभरा, शेंग कोणत्या भावानं घालून आलो, तेही त्याच वेळी आठवा.

दुकानदारावर माझा राग नाही. जत्रेत एखादं पुडकं खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. रोजचं झालं, की तळलेलं आणि खारट तेवढं पोटात जातं, भूक मरते आणि अंगाला काहीच लागत नाही. वाढत्या पोराला जे लागतं ते आपल्या घरातच आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, फुटाण्यात २० ग्रॅमच्या आसपास. नाचणीत शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, म्हणजे हाडांना लागणारा चुना. तांदळात त्याचा अगदी थोडा भाग असतो. तिळात तर त्याहूनही जास्त.

आता शेंगेचं बोलू. आपल्याकडे रीत अशी, की भरलेली, टपोरी शेंग बाजारात जाते आणि खुरप्यानं फुटलेली, सुरकुतलेली, काळी पडलेली शेंग घरी राहते. 'घरात काय, चालतं' असं आपण म्हणतो. मंडळी, हे चालत नाही. अशाच शेंगांत पिवळट-हिरवी बुरशी वाढते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष यकृताला मारक आहे, आणि थोडं थोडं रोज पोटात गेलं तर ते कळतही नाही. भाजल्यानं बुरशी मरते, पण विष पुरतं जात नाही. दाणा कडवट लागला तर पोराला लगेच थुंकायला सांगावं. पण चवीवर विसंबूनही राहू नये, कारण प्रत्येक खराब दाणा कडू लागेलच असं नाही.

काहीजण म्हणतात, मग म्हशीला घालतो. तेही नको. दुभत्या जनावराला बुरशीची शेंग किंवा पेंड घातली, तर हेच विष थोडं रूप बदलून दुधात उतरतं आणि दूध पुन्हा पोरांनाच मिळतं. खराब माल जाळावा किंवा खोल पुरावा.

ही बुरशी मुळात येऊच नये म्हणून काढणीपासून काळजी घ्यावी लागते. वेल उपटल्यावर शेंगा वर येतील असे पसरून ठेवा. ओल्या वेलांचा ढीग रात्रभर झाकून ठेवू नका. तोडलेल्या शेंगा कडक उन्हात चार-सहा दिवस वाळवा आणि संध्याकाळी गोळा करून झाका. ओल ८ ते ९ टक्क्यांवर आली पाहिजे. यंत्र नसलं तर शेंग कानाशी हलवून पाहा, दाणा खुळखुळला पाहिजे. दाणा बोटांत चोळला तर वरचं टरफल सहज सुटलं पाहिजे. उन्हाळी भुईमुगाच्या वेळी वळवाचा पाऊस गाठतो, तेव्हा शेंगा ओट्यावर, पत्र्याखाली पातळ पसरा. पोत्यात भरून ठेवलेली ओली शेंग आतून तापते. पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला. फोडायला सोपी जावी म्हणून शेंगेवर पाणी शिंपडण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, ती सोडा. आणि दाणे करून ठेवण्यापेक्षा शेंगच ठेवा. लागेल तेवढीच फोडत जा.

घरचा वाटा शेवटी उरेल तो नव्हे, तर आधी आणि चांगल्यातला काढायचा. किती, तर हिशेब सोपा आहे. एका मुलाला दिवसाला मूठभर, म्हणजे २५ ते ३० ग्रॅम दाणे. दोन मुलांना वर्षाला २० किलोच्या आसपास. शंभर किलो शेंगेतून साधारण ७० किलो दाणे निघतात, तेव्हा ३० किलो शेंग ठेवली की झालं. एका पोत्याचा प्रश्न आहे. ते पोतं विकून येणारे पैसे वर्षभराच्या पुडक्यांना पुरणार नाहीत.

लाडवाची कृती लिहून घ्या. चार वाट्या निवडलेले दाणे मंद विस्तवावर खमंग भाजावेत. गार झाल्यावर जाडसर कुटावेत. अर्धी वाटी तीळ कोरडे भाजून त्यात घालावेत, एक वाटी नाचणीचं पीठ चांगलं भाजून मिसळावं आणि दोन वाट्या किसलेला गूळ घालून पुन्हा कुटावं. दाण्याच्या तेलानंच लाडू वळतात. न वळले तर चमचाभर तूप घाला. लिंबाएवढे पंचवीसएक लाडू होतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस टिकतात. नाचणीऐवजी बाजरीचं पीठ चालतं, मात्र ते ताजं दळलेलं हवं, कारण बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं. गूळ साखरेपेक्षा बरा, पण शेवटी तोही गोडच. दिवसाला एक-दोन लाडू पुरे, आणि वरून खळखळून चूळ भरायला लावा.

गोड नको असेल तर ज्वारीच्या लाह्या करा. आपण त्या नागपंचमीपुरत्याच करतो, हे नवलच आहे. ज्वारी गरम पाण्यात घालून लगेच उपसावी, निथळून फडक्यात बांधून रात्रभर ठेवावी. दुसऱ्या दिवशी कढई खूप तापवून त्यात एका वेळी मूठभरच ज्वारी टाकावी आणि फडक्याच्या बोळ्यानं दाबून हलवत राहावं. सगळ्या वाणांच्या लाह्या सारख्या फुलत नाहीत, म्हणून आधी एक मूठ टाकून पाहा. लाह्यांना थोड्या तेलाची हळद-मिठाची फोडणी देऊन त्यात दाणे आणि डाळं घातलं, की तो चिवडा दुकानच्या कुठल्याही पुडक्याला भारी आहे.

सातूचं पीठ तर जुन्या माणसांना सांगायला नको. गहू दोन भाग भाजून, डाळं एक भाग, चवीला सुंठ आणि जिरं घालून दळून आणायचं. गुळाच्या पाण्यात किंवा दुधात कालवलं की झालं. चूलही पेटवावी लागत नाही, आणि आठ-नऊ वर्षांचं पोर स्वतःच कालवून घेतं. मोड आलेली मटकी किंवा मूग वाफवून वर लिंबू पिळून द्या. लिंबाची, आवळ्याची आंबट चव कडधान्यातलं लोह अंगी लावायला मदत करते. चहा याच्या नेमका उलट, तो लोह अंगी लागू देत नाही. सकाळी पोरांना चहा-चपाती देण्याची पद्धत आहे, तिथं चहाच्या जागी दूध, ताक किंवा नुसती गूळ-चपाती आली तर बरं.

रानातल्या खाण्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. हरभरा घाट्यावर आला की पोरं येता-जाता डहाळे उपटून खातात. त्याच दिवसांत आपण घाटेअळीसाठी फवारणी करतो. फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते औषधाच्या डब्याबरोबरच्या पत्रकात दिलेलं असतं. तोवर त्या रानात पोरांना जाऊ देऊ नका आणि शेजाऱ्यांच्या पोरांनाही सांगून ठेवा. सोळाण्यासाठी आणि हुरड्यासाठी परसात चार ओळी वेगळ्या टाकाव्यात, तिथं औषध मारू नये. दुसरी गोष्ट पेरून उरलेल्या बियाण्याची. बीजप्रक्रिया केलेलं, रंग लावलेलं शेंगदाणा किंवा सोयाबीनचं बियाणं धुऊन, भाजून कसंही खायचं नाही, कोंबड्यांपुढेही टाकायचं नाही. ते पोत्यासकट वेगळं आणि उंचावर ठेवा.

घरच्या सोयाबीनचं विचारतात म्हणून सांगतो. ते कच्चं कधी देऊ नये, पचत नाही. चांगलं शिजवून किंवा खरपूस भाजून मगच द्यावं.

चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खा शेंगदाणा, फुटाणा देऊ नका. तो घशात, श्वासनळीत अडकतो. त्यांना कूट करून, लाडू मऊ कुस्करून द्यावा. भरवताना पोर पळत, हसत नसावं, बसलेलं असावं.

आणि डबा कुठं ठेवता तेही बघा. आई रानात आणि लाडू उतरंडीच्या वर, मग पोर कोनाड्यातले दहा रुपयेच उचलणार. खाऊचा डबा खालच्या फळीवर, पोराचा हात पोचेल असा ठेवा, आणि झाकण त्याला उघडता येईल एवढंच घट्ट लावा. बियाणं मात्र वर.

रामराम.