मोटारीतील हत्यार



१६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंतांची मोटार अडवून मारेकऱ्यांनी त्यांना गोळ्या घातल्या. त्याचा दाखला देऊन कार्यकर्ते मला विचारतात, रात्रीअपरात्री सभांना मोटारीने फिरता, एखादे लहान हत्यार का बाळगीत नाही?

कोणते बाळगावे? ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा परवाना सामान्य नागरिकाला मिळत नाही. मिळते ते बहुधा .३२ चे. त्यातही पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरे. काडतूस फुसके निघाले तर पिस्तुलाचा वरचा भाग दुसऱ्या हाताने मागे ओढावा लागतो. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस नळीसमोर येते. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे २०१४ सालचे ‘निर्भीक’ सुमारे अर्ध्या किलोचे, सहा गोळ्यांचे. पण हलके हत्यार हाताला झटका जास्त देते आणि आखूड नळीने नेम साधणे कठीण. सराव कोण करणार? आम्हांला सभांतून सवड कुठे!

आता मोटारीत बसून पाहा. छातीवर पट्टा, पुढ्यात चाक, काचेपाशी मारेकरी. हात कमरेपर्यंत जाईतो त्याच्या गोळ्या सुटलेल्या असतात. गाडीच्या खणात ठेवाल तर चोराची सोय. शिवाय संप चालू असताना पुढाऱ्याच्या गाडीत रिव्हॉल्व्हर सापडले, मग ते परवान्याचे का असेना, तर मालकाला आणखी काय हवे?

आमच्या मंडळींना मी एवढेच सांगतो : रोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने निघू नका, सोबत दोघे घ्या, आणि गाडी थांबवाल तेव्हा पुढे वळण्यापुरती जागा राखा.