कोणता कॅमेरा घेऊ?
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच ठरवला आहे. कारण साधं आहे. आपल्या ग्रुपवर मी डोंगरांचे फोटो टाकतो आणि त्याखाली दर वेळी कोणी ना कोणी विचारतं, "अरे, मी कोणता कॅमेरा घेऊ?" आता निम्मे जण निवृत्त झालात, हातात वेळ आहे, फंडाचे पैसे आहेत. सप्टेंबरात सगळे मिळून कासला जायचंही ठरलंय. म्हणून आज एकदाच सगळ्यांना उत्तर देतो. माझ्या चुकांसकट देतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

सुरुवात आपल्या भूगोलाच्या सरांपासून. आठवीतली रायगडची सहल आठवते ना? सरांकडे अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो. पूर्ण सहलीला एकच रोल. झूम नव्हताच, त्यामुळे सर स्वतःच मागे-पुढे चालत. महादरवाजापाशी आपल्याला पायऱ्यांवर उभं करून ते इतके मागे गेले, की आपल्याला वाटलं सर निघालेच खाली. त्या बारांतले नऊ फोटो आजही बघण्यासारखे आहेत. सर, तेव्हा आम्ही हसलो होतो. तुम्ही काय करत होता ते कळायला मला तीस वर्षं आणि बराच पैसा लागला.

आता माझी चूक. २०१४ साली थकबाकीची रक्कम हातात आली आणि मी दुकानात जाऊन सगळं 'बेस्ट' घेतलं. फुल फ्रेम कॅमेरा, सुमारे किलोभराची अतिवाइड झूम लेन्स, एक लांब पल्ल्याची दीड किलोची लेन्स आणि दोन किलोंचा ट्रायपॉड. मनात एकच हिशेब होता: डोंगर मोठा, म्हणजे लेन्स जितकी वाइड तितकी चांगली.

पावसाळा संपता संपता आम्ही दोघं पाचनईच्या वाटेनं हरिश्चंद्रगडावर गेलो. दुसरा कोण ते तुम्ही ओळखलं असेल. शेवटच्या बाकावरचा, सगळ्यांच्या डब्यातलं खाणारा. पहिल्याच कातळाच्या टप्प्यावर माझा दम गेला. तो म्हणाला, "आण ते तिकाटणं इकडे, तू नुसता चाल." पुढे सबंध गडभर ट्रायपॉड त्याच्याच खांद्यावर होता.

केदारेश्वराच्या गुहेत त्या लेन्सनं खरंच काम केलं. आत मोठं शिवलिंग, भोवती पाणी, चारातला उभा राहिलेला एकच खांब. मागे सरकायला जागा नाही. अशा ठिकाणी वाइड लेन्सला पर्याय नसतो. कोकणकड्यावरही ती लागते, कारण कडा अर्धवर्तुळात आत वळलेला आहे आणि दोन्ही टोकं एका चौकटीत घ्यायची तर साधी लेन्स अपुरी पडते. पण मी दिवसभर तीच लावून ठेवली. घरी येऊन संगणकावर पाहिलं तर जवळजवळ सगळ्या फोटोंत एकच गोष्ट: वर रिकामं आभाळ, खाली रिकामं गवत आणि मधे डोंगरांची बारीकशी रेघ.

असं का झालं, ते आकड्यांत सांगतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४७ अंश पाहते, २४ ची ८४ अंश आणि १६ ची १०७ अंश. जास्त मावतं, पण फोटोचा कागद तेवढाच राहतो. म्हणून ५० वर जो डोंगर तीन बोटं उंच दिसतो, तो १६ वर एक बोटभर उरतो. डोळ्यांना डोंगर भव्य वाटतो आणि वाइड लेन्स त्यालाच लहान करते.

मग ही लेन्स कशासाठी? जवळचं मोठं दाखवण्यासाठी. पायाशी एखादी ओली शिळा, पाण्याचं डबकं, फूल घ्या, अगदी हातभर अंतरावर, आणि मागे डोंगर राहू द्या. जवळची वस्तू भरपूर मोठी होते, नजर तिथून आत शिरते आणि लांबवर जाते. १६ मिलिमीटर, अ‍ॅपर्चर एफ/८ आणि फोकस सव्वा मीटरवर ठेवला, तर साधारण साठ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. पण त्यासाठी गुडघे टेकून बसावं लागतं. आपल्या वयात खरी अडचण ती आहे!

कासला याचा उपयोग होईल. सीतेची आसवं म्हणतो ती फुलं वीतभरसुद्धा उंच नसतात. उभं राहून वाइड फोटो काढलात तर निळे ठिपके येतील. वाटेच्या कडेला बसून, कॅमेरा फुलाच्या उंचीवर आणून काढा. मात्र वाट सोडून आत पाय टाकायचा नाही. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली ते पठार जागतिक वारसा यादीत आलं आहे आणि आपल्या एका बुटाखाली किती रोपं जातात, हे बाई आपल्याला सांगतील.

आता खरेदी. तीन प्रकारच्या लोकांना तीन उत्तरं.

ज्यांना फोटो मोबाइलवरच पाहायचे-पाठवायचे आहेत, त्यांनी काहीही घेऊ नका. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं पाहतो, म्हणजे तो आधीच वाइड आहे. ०.५ चं बटण त्याहून वाइड, पण बहुतेक मोबाइलमध्ये त्यामागचा सेन्सर लहान असतो. भर उजेडात तो चालतो, संध्याकाळी फोटो खरखरीत येतो.

ज्यांना भिंतीवर लावायला मोठा फोटो हवाय, त्यांनी लहान सेन्सरचा, म्हणजे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा घ्यावा. हिशेब एवढाच, की लेन्सवरच्या आकड्याला दीडनं गुणायचं. कॅनन असेल तर १.६ नं. किट लेन्सचे १८ मिलिमीटर म्हणजे २७ झाले. पहिलं वर्ष त्याच लेन्सवर काढा. तरीही 'मावत नाही' असं वाटलं, तर कॅननची १०-१८ किंवा निकॉनची १०-२० आहे. दोन्ही अडीचशे ग्रॅमच्या आतल्या. जुन्या डीएसएलआरवाल्यांना या सेकंडहँडही मिळतात.

आणि ज्यांना फुल फ्रेमच घ्यायचाय, त्यांनी एफ/२.८ च्या मोहात पडू नये. निकॉनची डीएसएलआरची १४-२४ एफ/२.८ सुमारे एक किलो भरते आणि पुढची काच फुगीर असल्यानं साधा फिल्टर बसत नाही. त्याच कंपनीची मिररलेसची १४-३० एफ/४ आहे ४८५ ग्रॅम आणि तिला फिल्टरही बसतो. एफ/२.८ मुळे दुप्पट प्रकाश आत येतो, हे खरं. रात्री तारे टिपायचे तर तो हवाच. पण दिवसा आपण एफ/८ वरच काढणार, मग उरलेलं वजन कशाला वाहायचं?

सेकंडहँड लेन्स घेताना मागून बॅटरी मारून काचेतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या बॅगेत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्यात. पोलरायझर फिल्टर ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक छान कापतो. पण अतिवाइड लेन्सवर तो लावला तर निळं आभाळ एकीकडे गडद आणि दुसरीकडे फिकं येतं, तेव्हा जपून.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगतो. वाइड लेन्समधून पाहताना सगळं आहे त्यापेक्षा लांब भासतं. कड्याची धारसुद्धा. डोळा कॅमेऱ्याला लावून पाऊल उचलायचं नाही. आधी कॅमेरा खाली, मग पाऊल. कोकणकड्यावर मी एकदा तसाच पुढे सरकत होतो आणि याच मित्रानं मागून माझ्या सॅकचा पट्टा ओढला होता.

तो आपल्यातून जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या मुलीनं मला फोन करून बाबांचा गडावरचा एखादा चांगला फोटो मागितला. मी त्या दिवसाचे सगळे फोटो काढून बसलो. २१४ होते. बऱ्याच फोटोंत तो आहे. कड्याच्या टोकाला, खांद्यावर ट्रायपॉड, तांदळाच्या दाण्याएवढा. कितीही मोठा केला तरी चेहरा दिसत नाही. लांब पल्ल्याची लेन्स सॅकमध्येच होती. ती बाहेर काढायला एक मिनिट लागलं असतं. शेवटी मंदिराच्या ओट्यावर चहा पिताना त्यानंच मोबाइलवर काढलेला आमच्या दोघांचा फोटो मी तिला पाठवला. तिरका आहे, थोडा हललेलाही आहे. तिनं तोच फ्रेम करून लावला.

तेव्हापासून माझ्या सॅकमध्ये दोनच लेन्स असतात. एक हलकी वाइड आणि एक छोटी ५० ची. कुठेही पोहोचलो की डोंगराचे फोटो काढतो आणि मग वळून, बरोबर आलेल्यांचे ५० नं काढतो. हा माझा नियमच आहे. दोन्ही मिळून किलोभरही होत नाहीत.

आता जेवणाआधी आपला गटफोटो आहे. मी वाइड लेन्स लावणार नाही. तिनं कडेला उभ्या असलेल्यांचे चेहरे आणि पोटं आडवी ताणली जातात आणि तिथं कोण उभे राहतात ते आपल्याला ठाऊक आहे. मैदान मोठं आहे. मी सरांसारखा लांब मागे जाईन. तुम्ही मात्र 'निघाला की काय' म्हणून हसू नका, थोडं थांबा.