मुलींच्या फुटबॉलचा निकाल कसा वाचायचा?

(गोंदिया जिल्ह्यातल्या महिला गटांच्या कार्यकर्त्या, कॉलेजच्या विद्यार्थिनी आणि क्रीडाशिक्षक यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



कॉलेजचा मुलींचा फुटबॉल संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जातो आणि परत येताना एक आकडा घेऊन येतो. चार-शून्य, सहा-शून्य, कधी दोन-एक. हा आकडा नोटीस बोर्डावर लागतो, कधी पेपरात एका ओळीत येतो. मग घरात, गावात, स्टाफरूममध्ये त्याचा अर्थ लावला जातो. मुली जिंकल्या तर "समोरचा संघच कच्चा होता". हरल्या तर "मुलींना फुटबॉल झेपत नाही, सांगितलं नव्हतं का?"

रेशनकार्ड, रोजगार हमीचं मस्टर, सातबारा हे कागद कसे वाचायचे, हे आपण शिबिरांमधून शिकलो. मस्टरवर बाईचे दिवस कमी लागले, तर ती कामचुकार होती असं आपण म्हणत नाही. काम निघालं होतं का, हजेरी कुणी लिहिली, हे आधी विचारतो. खेळाच्या निकालाचा कागद आपण असा वाचत नाही. तो कसा वाचायचा, एवढंच आज मला मांडायचं आहे.

पहिला प्रश्न विचारायचा: या मुलींना किती सामने खेळायला मिळाले?

आपल्याकडच्या पुष्कळ स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. हरलात की घरी. आठ संघ असतील तर सगळे मिळून ७ सामने होतात आणि चार संघ एकेक सामना खेळून परततात. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. मुलगी घरच्यांची परवानगी काढते, बूट मागून आणते, पहाटे निघते, एक सामना खेळते, हरते आणि रात्री परत येते. तिचं वर्षाचं फुटबॉल तिथे संपतं. पुढच्या वर्षी पुन्हा तोच एक सामना. तीन वर्षांच्या पदवीत तीन सामने! एवढ्यात कुणाला काय येणार? भात रांधायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळा चूल पेटवावी लागते.

तेच आठ संघ साखळी पद्धतीने खेळले, म्हणजे प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं ठरवलं, तर २८ सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात सामने मिळतात. पहिल्या सामन्यात सहा-शून्य हरलेला संघ सातव्यात काय करतो, ते तेव्हा दिसतं. अमेरिकेत कॉलेजांचे असे गट असतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. गटातल्या कॉलेजांशी हंगामभर खेळायचं, मग जिंका की हरा. तिथे १९७२ साली शिक्षणसंस्थांमध्ये लिंगावरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा झाला. त्याआधी तिथल्या हायस्कुलांत खेळणाऱ्या मुली तीन लाखांच्या आत होत्या. आज त्या तीस लाखांच्या वर आहेत. बायकांच्या फुटबॉलचा पहिला विश्वचषक १९९१ साली चीनमध्ये झाला, तो अमेरिकेच्या संघाने जिंकला. त्या मुलींच्या पायांत जन्मजात काही वेगळं नव्हतं. कायद्याने मैदान दिलं होतं, आणि हंगामाने सामने दिले होते.

आता आपल्या देशाचा निकाल वाचू. १९७५ साली भारतात बायकांच्या फुटबॉलची स्वतंत्र संघटना झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. पुढे १९८३ साली बँकॉकला झालेल्या आशियाई स्पर्धेत आपला संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता. म्हणजे येत नव्हतं असं नाही. आणि २००९ साली याच देशाचं नाव जागतिक क्रमवारीतून काढलं गेलं. का? संघ फार हरला म्हणून नव्हे, तर दीड वर्ष तो खेळलाच नव्हता म्हणून! शून्य गोलांपेक्षा वाईट निकाल कोणता, तर शून्य सामने. पण तो पेपरात येत नाही. म्हणून आपण तो शोधून वाचायचा.

२०२२ च्या जानेवारीत आशियाई चषक आपल्याच राज्यात, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. भारताने इराणशी शून्य-शून्य बरोबरी केली. नंतर संघात करोना पसरला, पुढच्या सामन्यासाठी १३ खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत आणि यजमान संघ स्पर्धेतूनच बाहेर पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला. आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० अशा हरल्या. तीन सामने, अंगावर १६ गोल. पुष्कळांनी हा कागद तिथेच घडी करून ठेवला. पण त्याच कागदाच्या मागे काय होतं? त्या ऑगस्टमध्ये भारतीय महासंघावर जागतिक संघटनेने दहा-अकरा दिवस बंदी घातली होती, कारण वर खुर्च्यांचा वाद चालला होता. त्याच उन्हाळ्यात याच मुलींच्या संघाच्या सहायक प्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावं लागलं होतं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी हे सगळं पाठीवर घेऊन मैदानात उतरल्या होत्या.

आणि २०२५ चा निकालही वाचू. थायलंडमधल्या पात्रता फेरीत आपल्या महिला संघाने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-० असं हरवलं. शेवटी ५ जुलैला थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जागा मिळवण्याची ही भारतीय बायकांची पहिलीच वेळ. १३-० वाचताना आपण टाळ्या वाजवतो, वाजवायलाच हव्यात. पण समोरच्या मंगोलियाच्या मुलींकडे बघून "यांना झेपत नाही" म्हणू नका. ती वाक्यं आपल्या मुलींनीही ऐकलेली आहेत.

दुसरा प्रश्न: मैदान कुणाचं?

आपल्या स्टेशनवरून महाराष्ट्र एक्स्प्रेस निघते, ती थेट कोल्हापूरला जाते. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या टोकाला फुटबॉलचं वेड आहे. पेठापेठांतले संघ शाहू स्टेडियमवर उतरले की गावाचे दोन भाग होतात. या संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. खेळ तालमींच्या आश्रयाने वाढला, आणि तालमीची पायरी बाईने चढायची नाही हा रिवाज. म्हणजे घराजवळ संघ होता, मैदान होतं, वर्गणी होती, थोरल्यांचा पाठिंबा होता, सगळं होतं, पण मुलग्यांसाठी. आज कोल्हापुरातही मुली खेळतात, पण त्यांना सुरुवात शून्यापासून करावी लागली.

इंग्लंडमध्ये तर उघड बंदीच घातली होती. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलला कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. वर्षभरातच, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. आपल्याकडे असा ठराव कुणी केला नाही. करायची गरजच पडली नाही. संध्याकाळी पाच वाजता मैदानावर मुलग्यांचं क्रिकेट असतं आणि मुलगी घरी पाणी भरत असते. ठराव न करताच मैदान बंद!

ते उघडता येतं, याचीही उदाहरणं आहेत. मणिपूरने राष्ट्रीय महिला स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. (या स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे.) मणिपूरमध्ये बायका बाजार चालवतात, रात्री मशाली घेऊन रस्त्यावर उतरतात. तिथे बाईने चारचौघांत असणं नवलाचं नाही. तरीसुद्धा तिथल्या बेमबेम देवीला लहानपणी मुलग्यांच्या संघात मुलाचं नाव सांगून खेळावं लागलं. पुढे ती भारताची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला पद्मश्री मिळाली. आणि आपल्या राज्यात, मुंब्र्याला, 'परचम' या गटाने २०१२ पासून मुलींचा फुटबॉल संघ बांधला. मुस्लिम आणि हिंदू मुली एकत्र खेळू लागल्या. मैदानात मुलींसाठी वेळ राखून ठेवा, ही मागणी त्या मुलींनी स्वतः लावून धरली. चेंडू घ्यायच्या आधी त्यांनी अर्ज हातात घेतला. हे काम आपल्याला येतं, नाही का?

इथे कुणीतरी म्हणेल, आपल्या गोंदियाचे प्रफुल्ल पटेल तर भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते, एका तपाहून अधिक काळ, २०२२ पर्यंत. होते. खुर्ची आपल्या गावची असली म्हणून चेंडू आपल्या मुलींच्या पायाशी आपोआप येत नाही. तो मागावा लागतो. मागणारी संघटना खाली असावी लागते.

तिसरा प्रश्न: या मुलींच्या घरी त्या दिवशी काय चाललं होतं?

आपला जिल्हा धानाचा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, दिवाळीच्या आसपास कापणी. कॉलेजच्या स्पर्धांचा हंगाम याच दोन कामांच्या मध्ये आणि त्यांना चिकटून येतो. रोवणी कोण करतं? बाया आणि पोरी. दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून रोवणाऱ्या मुलीच्या पायांत ताकद नाही, असं कुणी म्हणेल का? ताकद आहे, ती दुसरीकडे खर्ची पडली आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. शंभरात एकोणसाठ! अकरा जणींच्या संघात सहा-सात जणी. त्यात पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. म्हणून माझं क्रीडाशिक्षकांना आग्रहाचं सांगणं आहे: सरावाच्या पहिल्या आठवड्यात हिमोग्लोबिन आणि सिकलसेल दोन्ही तपासा. सिकलसेल असलेल्या मुलीला घरी बसवू नका. डॉक्टरांना विचारा, तिला पाणी आणि विश्रांती द्या, उन्हात फरफटवू नका. सामन्याच्या उत्तरार्धात दम तुटून गोल खाल्ले जातात, तेव्हा तो निकाल स्वयंपाकघरातला असतो. शेवटी जेवणारी मुलगी शेवटच्या वीस मिनिटांत मागे पडते.

याला जोडूनच सुरक्षिततेचं. २०२३ साली देशाच्या नामवंत महिला कुस्तीगीर न्यायासाठी दिल्लीत रस्त्यावर बसल्या, ते आपण पाहिलं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा हेही कामाचं ठिकाण मानलं आहे. कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्या सदस्यांची नावं संघातल्या प्रत्येक मुलीला पाठ हवीत. बाहेरगावी जाताना संघाबरोबर एक बाई असायलाच हवी. मात्र "सुरक्षित नाही, म्हणून पाठवत नाही" हे उत्तर आपण स्वीकारायचं नाही. शिक्षा मुलीला कशाला?

आता कुणी म्हणेल, एवढे प्रश्न असताना फुटबॉल कशाला? पोटाचं बघा. मग पोटाचंच बघू. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी ठरलेल्या पातळीवरच्या स्पर्धेत क्रमांक लागतो. नुसतं खेळून भागत नाही. कॉलेजातून विद्यापीठाच्या संघात, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत, अशी ती शिडी आहे. पहिल्याच पायरीवर एक सामना खेळून परतणाऱ्या मुलीला ती चढता येईल का? मुलग्यांना वर्षभर सामने आणि मुलींना एक, म्हणजे नोकरीच्या रांगेतही मुलगी मागे. पहाटे आपल्या रस्त्यांवर पोलीस भरतीसाठी ८०० मीटरचा सराव करणाऱ्या मुली दिसतात. त्यांना पळायला कुणी शिकवलं नाही, गरजेने शिकवलं. आपला संघ तिथेच रस्त्यावर आहे, फक्त त्यांच्यात चेंडू नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत: गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव. तालुक्याला मुलींचा एक संघ, म्हणजे आठ संघ, २८ सामने. तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा एकाच रेल्वेमार्गावर आहेत. अर्जुनी मोरगावला बल्लारशाच्या लाइनने जाता येतं. देवरीला रेल्वे नाही, तिथे एस.टी. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असे सामने लावायचे, म्हणजे परवानगीचं निम्मं भांडण मिटतं. रोवणी आणि कापणीचे आठवडे मोकळे ठेवायचे. आठ संघ लगेच जमले नाहीत तर चारांपासून सुरुवात करू. चार संघांची साखळी सहा सामन्यांची असते, प्रत्येकीला तीन. तीन वर्षांत जे मिळायचं ते एका हंगामात!

आणि प्रत्येक गटाने एक वही घालायची. सामन्याची तारीख आणि गोल त्यात लिहायचेच. शेजारी आणखी रकाने आखायचे: सरावाला मैदान किती दिवस मिळालं, किती मुली आल्या, ज्या आल्या नाहीत त्या का आल्या नाहीत, कितींना बूट होते, मैदानाजवळ संडास होता का, प्रवासखर्च कुणी दिला. दोन हंगामांनंतर ही वही घेऊन आपण प्राचार्यांकडे, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे आणि विद्यापीठाकडे जाऊ. तेव्हा "मुलींना झेपत नाही" म्हणणाऱ्यांसमोर रागाने बोलायची गरज पडणार नाही. वही पुढे सरकवायची आणि म्हणायचं, वाचा.

पहिल्या हंगामात आपले काही संघ सहा-शून्य हरतील, कदाचित दहा-शून्यही. हरू द्या. त्या मुलींना संध्याकाळी विचारू नका की किती गोल खाल्ले. विचारा, पुढचा सामना कधी आहे? आणि तो असेल अशी व्यवस्था करा. ती जबाबदारी त्यांची नाही, आपली आहे.