देणं श्रीमंतीचं

युरोपातल्या अल्सेस प्रांतातल्या एका पाद्र्याच्या मुलानं, अल्बर्ट श्वाइत्झरनं, कुस्तीत मित्राला चीत केलं. हरलेला मुलगा म्हणाला, मलाही आठवड्यातून दोनदा सूप मिळालं असतं, तर मीही तेवढाच ताकदवान असतो. अल्बर्टला घरचं सूप गोड लागेना. पुढे हा नामवंत ऑर्गनवादक तिशीत वैद्यकशास्त्र शिकला आणि १९१३ मध्ये गॅबनमधल्या लांबारेनेत त्यानं रुग्णालय उभारलं. बायबलमधल्या बोधकथेतला श्रीमंत म्हणजे युरोप, त्याच्या दारात पडलेला गरीब लाजर म्हणजे आफ्रिका, असं श्वाइत्झर मानत. सेवा त्यांच्या लेखी दान नव्हती, देणं होतं. पण आफ्रिकी माणसाला ते धाकटा भाऊ समजत. त्यावर रास्त टीका झाली. मदत घेणाऱ्याला बरोबरीचा मानणं, ही सेवेची पहिली अट आहे.